मावशींच्या हातचा चहा

जखमेतून जे वाहते त्याला आमच्या भागातला कानडी माणूस नेत्तर म्हणतो आणि मराठी माणूस रक्त म्हणतो. शाळेच्या मैदानावर आपटलेले पोर मात्र दोन्ही भाषा विसरून नुसते भोकाड पसरते. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात माझी एकतीस वर्षे गेली, त्यांतली शेवटची बारा मुख्याध्यापकाच्या खुर्चीत. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मला कळली, जी बी. एड.च्या कोणत्याही पुस्तकात नव्हती. शाळा ही रोज थोडेथोडे रक्त सांडणारी जागा आहे. मार्च-एप्रिलात घोळणा फुटतो. कंपासपेटीतले कर्कटक शेजाऱ्याच्या मांडीत जाते. खो-खोच्या खांबाला कपाळ लागते. श्रमदानाच्या दिवशी खुरपे बोटावर बसते. मग कोणी हळद आणायला पळतो, कोणी कुंपणालगतचा दगडीपाला चुरगाळून लावतो, एखादे जुने गृहस्थ तपकिरीची डबी उघडतात आणि कोणीतरी आपला रुमाल पुढे करतो. त्याच रुमालाने पुढच्या आठवड्यात दुसऱ्याचे नाक पुसले जाते.

यात माया आहे, हे मी नाकारत नाही. मुलाचे रक्त पाहिल्यावर आधी हातमोजे शोधणारा मास्तर आमच्या पिढीला कोरडाच वाटला असता. पण रक्ताच्या बाबतीत आपल्या समाजाची एक गंमत आहे. रक्त अंगावर उडते तेव्हा आपण घाबरत नाही. रक्ताचा रिपोर्ट हातात पडला की घाबरतो, आणि मग ज्या गोष्टीला घाबरायचे काहीच कारण नाही नेमके तिलाच घाबरतो. ही गंमत मी दोन-तीन महिन्यांच्या अंतराने दोनदा, अगदी जवळून पाहिली.

पहिली वेळ डिसेंबर २०१८ ची. मधल्या सुट्टीत आठवीची मुले टेनिस बॉलने क्रिकेट खेळत होती. आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीपलीकडे एक पडीक जागा आहे आणि तिच्या टोकाला एक खाजगी दवाखाना. दवाखान्याचा केरकचरा त्या पडीक जागेत येऊन पडतो, हे सगळ्या गावाला माहीत होते. कापसाचे बोळे, सलाईनच्या नळ्या, रिकाम्या बाटल्या. चेंडू भिंतीपलीकडे गेला. एक मुलगा भिंतीवरून उतरला, गवतात हात घातला आणि ओरडला. सिरिंजला लावलेली सुई अंगठ्याच्या बुडाशी चांगली रुतली होती.

"सर, रक्त येऊलालंय!" असे ओरडत चार पोरे ऑफिसात आली. मी बाहेर येईपर्यंत मित्रमंडळींचे उपचार सुरू झाले होते. एकजण अंगठा पिळून 'घाण रक्त' काढत होता, दुसऱ्याने तो तोंडात धरून चोखण्याची तयारी दाखवली होती. साप चावल्यावर सिनेमात नायक करतो तसे. आमचे पी. टी.चे सर शहाणे. त्यांनी दोघांनाही बाजूला केले आणि मुलाचा हात नळाखाली धरून साबणाने नीट धुतला. पुढे डॉक्टरांनी सांगितले की करायचे ते एवढेच होते. वाहते पाणी आणि साधा साबण. पिळायचे नाही, चोखायचे नाही, घासायचे नाही, वर स्पिरिट किंवा आयोडीन चोळायचे नाही. डोळ्यांत रक्त उडाले तर नुसत्या पाण्याने डोळे धुवायचे, तोंडात गेले तर थुंकून चुळा भरायच्या. औषधांच्या कपाटाकडे धावण्यापेक्षा नळाकडे धावणे चांगले.

गावातल्या एका डॉक्टरांनी धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि "काही होत नाही, घरी जा" म्हणून आम्हांला वाटेला लावले. मला ते पटले नाही. मुलाच्या आईवडिलांना घेऊन आम्ही थेट बेळगावच्या सिव्हिलमध्ये गेलो. वडील शेतकरी, मराठी. आई माहेरची बैलहोंगलकडची, कानडी. जीपमध्ये दोघांतले कोणी काही बोलले नाही. आईच्या मनात जो शब्द होता तो तिने दवाखान्याच्या पायरीवर माझ्या कानाशी विचारला, "सर, एड्स तर नसंल न्हवं?"

सिव्हिलमध्ये एक तरुण डॉक्टरीण बाई होत्या, धारवाडकडच्या. त्यांनी त्या माउलीला "अक्का, बसा" म्हटले, मुलाची जखम पाहिली, सुई केवढी होती, आत ओले रक्त दिसत होते का, ती कुठे पडली होती, हे सगळे विचारले. मग केसपेपरच्या मागे त्यांनी तीन आकडे लिहिले : ३०, ३ आणि ०.३. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना पाठ असलेला हा हिशेब आहे म्हणे. संसर्ग असलेल्या माणसाच्या रक्ताची सुई दुसऱ्याला टोचली तर रोग लागण्याची शक्यता शेकडा किती, याचा. पहिला आकडा हिपॅटायटिस 'बी'चा. लस न घेतलेल्या माणसाला तो शंभरात सहापासून तिसापर्यंत लागू शकतो. दुसरा हिपॅटायटिस 'सी'चा. तो आता तीनपेक्षा पुष्कळ कमी मानतात. आणि तिसरा एच. आय. व्ही.चा, म्हणजे हजारात तीन.

आईने कागदाकडे पाहिले आणि शेवटच्या आकड्यावर बोट ठेवून विचारले, "हे त्याला होईल का?" तेव्हा मुलगाच म्हणाला, "आई, तो सगळ्यांत लहान आहे. पहिला त्याच्या शंभरपट आहे." पोराचा अंगठा ठणकत होता, पण गणित पक्के होते. डॉक्टरीणबाई हसल्या. मोठमोठ्या माणसांना हे समजावताना त्यांचा घसा बसतो म्हणाल्या.

त्यांनी सांगितलेले मी माझ्या भाषेत मांडतो. ते तीन आकडेही दवाखान्यातल्या ताज्या सुईचे आहेत, नुकतेच रोग्याच्या अंगातून काढलेल्या. नर्सला किंवा वॉर्डबॉयला तशी सुई टोचली तर एच. आय. व्ही.साठी गोळ्या देतात. त्या पहिल्या दोन तासांत सुरू झाल्या तर उत्तम, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही, आणि सुरू केल्या की २८ दिवस न चुकता घ्यायच्या. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. पण उन्हात, गवतात पडलेल्या सुईतले वाळलेले रक्त वेगळे. एच. आय. व्ही.चा विषाणू शरीराबाहेर फार नाजूक, सुकला की त्याची शक्ती जाते. रस्त्यावरच्या, उकिरड्यावरच्या सुईमुळे मुलांना तो झाल्याची उदाहरणे वैद्यकात शोधूनही मिळत नाहीत. म्हणून या मुलाला त्या गोळ्यांची गरज नाही. हिपॅटायटिस 'बी'चे मात्र तसे नाही. तो विषाणू चिवट. वाळलेल्या रक्तात, फरशीवर, पात्यावर सात दिवससुद्धा जिवंत राहू शकतो. "याला हिपॅटायटिस बीची लस दिली आहे का?" त्यांनी विचारले.

कोणालाच ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी वडिलांनी पत्र्याच्या पेटीतून दोन्ही मुलांची कार्डे काढून आणली. धाकटी बहीण तेव्हा दुसरीत, तिच्या तायी कार्डावर ती लस होती. थोरल्याचा जन्म २००५ चा, त्याच्या कार्डावर नव्हती. मग कळले की आपल्या देशात ही लस सरकारी लसीकरणात एकदम आली नाही. २००२ च्या सुमारास काही निवडक शहरांत आणि जिल्ह्यांत ती सुरू झाली, २००७-०८ मध्ये आणखी काही राज्यांत, आणि २०११ मध्ये सगळ्या देशात. म्हणजे आज जी मंडळी कॉलेजात आहेत, नोकरीला लागली आहेत, वर्गावर शिकवत आहेत, ज्यांची नातवंडे शाळेत येतात, त्यांतल्या कितीतरी जणांनी ही लस कधी घेतलेलीच नाही. एकाच घरातली बहीण सुरक्षित आणि भाऊ उघडा, यात कोणाचा दोष नाही, फक्त जन्मसालाचा फरक.

मुलाला त्याच दिवशी लसीचा पहिला डोस मिळाला. दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. रक्ताच्या तपासण्या दीड महिन्याने, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी करायच्या ठरल्या. त्या सगळ्या यथास्थित झाल्या आणि निर्वेध निघाल्या, हे इथेच सांगून टाकतो, कारण वाचकाला टांगून ठेवणे मला आवडत नाही.

टांगून राहिला तो मुलगा, आणि तोही गावाने टांगल्यामुळे. सिव्हिलला गेला, रक्त तपासले, एवढ्या भांडवलावर आठ दिवसांत गावात 'त्याला एड्सचं इंजेक्शन टोचलंय' अशी बातमी झाली. डब्याच्या सुट्टीत त्याच्या शेजारची पोरे दुसऱ्या बाकावर सरकली. तीन पालक माझ्याकडे आले. त्यांतला एक चांगला शिकलेला, बँकेत नोकरीला. "सर, आमचं काही म्हणणं नाही, पण तेवढं सहा महिने त्याला वेगळं बसवा. रिपोर्ट येईपर्यंत." मी त्यांना सांगितले की रिपोर्टची वाट पाहण्याचे कारणच नाही. उद्या रिपोर्ट वाईट आला तरी तो याच बाकावर बसणार. डबा एकत्र खाल्ल्याने, एका ग्लासातून पाणी प्यायल्याने, घामाने, शिंकेने एच. आय. व्ही. होत नाही. आणि २०१७ चा कायदा आहे, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. एच. आय. व्ही. असलेल्या माणसाशी शाळेत, नोकरीत, दवाखान्यात भेदभाव करायला तो मनाई करतो. कायद्याचे नाव काढल्यावर बँकवाले गप्प बसले. शास्त्र सांगितले तेव्हा ते गप्प बसले नव्हते.

पुढच्या पालक सभेत मी एक जुनी हकिकत सांगितली. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ग्रेग लुगॅनिस या अमेरिकन सूरपटूचे डोके उडी मारताना फळीवर आदळले. रक्त आले, तो पाण्यात पडला, संघाच्या डॉक्टरांनी हातमोजे न घालता टाके घातले आणि गड्याने पुन्हा उड्या मारून सुवर्णपदक जिंकले. आपल्याला एच. आय. व्ही. आहे हे तेव्हा फक्त त्याला आणि त्याच्या अगदी निकटच्या माणसांना ठाऊक होते. १९९५ मध्ये त्याने ते जाहीर केल्यावर जगभर चर्चा उसळली ती कशाची? त्या तलावात नंतर उतरलेल्या खेळाडूंचे काय? तलावात लाखो लिटर क्लोरीनचे पाणी. तिथे कोणालाच धोका नव्हता. धोका असलाच तर एका माणसाला होता, उघड्या हातांनी टाके घालणाऱ्या डॉक्टरांना. त्यांची तपासणी झाली आणि सुदैवाने त्यांना काही झाले नव्हते. हे मी मराठीत सांगितले आणि आमच्या कानडीच्या मॅडमनी कानडीत. लोकांनी ऐकून घेतले. पोरे आपल्या बाकावर परत आली, पण ती भाषणाने आली की सामने सुरू झाले आणि हा मुलगा डावखुरा गोलंदाज होता म्हणून आली, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही.

त्याच बाईंनी मला जाता जाता विचारले होते, "सर, तुमच्या शाळेत रक्त पुसतं कोण?"

या प्रश्नाला आमच्या शाळेत एकच उत्तर होते. मावशी. शाळेतले सगळे त्यांना मावशीच म्हणतात, हजेरीपत्रकावरचे नाव फक्त क्लार्कला माहीत. वर्गात पोराला ओकारी झाली, मावशी. फरशीवर रक्त सांडले, मावशी. मुलींच्या स्वच्छतागृहातली टोपली उचलायची, मावशी. फुटकी काच गोळा करायची, मावशी. हे सगळे उघड्या हातांनी आणि एका फडक्याने. आणि अकरा वाजता हात स्वच्छ धुऊन स्टाफला चहा. बावीस माणसांचा चहा त्या करत, आले ठेचून.

आपल्याकडे हे सर्वत्र असेच आहे. दवाखान्याचे कचऱ्याचे नियम १९९८ मध्ये झाले, २०१६ मध्ये नवे आले. सुया-पाती पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात टाकायची असे त्यांत स्पष्ट लिहिले आहे. पण तो डबा जेव्हा भरत नाही आणि मागची पडीक जागा भरते, तेव्हा सुई पहिल्यांदा टोचते ती कचरा वेचणाऱ्या बाईला. गुजरातेत मोडासा गावी २००९ मध्ये काय झाले ते बडोद्याच्या मराठी मंडळींना आठवत असेल. हिपॅटायटिस 'बी'ची साथ पसरली, कित्येक माणसे दगावली, आणि मूळ निघाले ते वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरण्यात. पैसे मोजून, रांगेत उभे राहून लोकांनी तो रोग टोचून घेतला होता. अजूनही आपल्या लोकांना डॉक्टरने सुई दिली नाही तर फी वाया गेल्यासारखे वाटते. "सूजी माडरी" म्हणून डॉक्टरच्या मागे लागणारे म्हातारे आणि "एक इंजेक्शन देऊनच टाका" म्हणणारे मराठी गुरुजी, यांत मला तरी भाषेचा वाद दिसत नाही.

तशीच जत्रेतली गोंदणे. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाऊन हातावर नाव गोंदून आलेली पोरे दर वर्षी वर्गात मिरवतात. मी एकदा विचारले, "सुई बदलली का रे?" "शाई बदलली, सर," असे उत्तर मिळाले. माझ्या कॉलेजच्या दिवसांत तर निवेदनावर रक्ताने सह्या करायची टूम होती. मागणी कोणती ते सोडा, प्रत्येक मागणीसाठी होत. टाचणी मात्र एकच, ती या बोटातून त्या बोटात फिरत असे. कान सोनारानेच टोचावेत हे खरे, पण सोनाराने तार नवी घ्यावी, हे म्हणीत राहून गेले आहे.

सिव्हिलमधल्या बाईंच्या सांगण्यावरून आम्ही शाळेतल्या सगळ्या कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस 'बी'ची लस द्यायचे ठरवले. फेब्रुवारी २०१९ मध्ये. लसीआधी रक्त तपासून घेऊ, असे ठरले. एका खाजगी प्रयोगशाळेची माणसे येऊन रक्त घेऊन गेली. रिपोर्ट मात्र प्रत्येकाच्या हाती बंद पाकिटात देण्याऐवजी त्यांनी सगळे एकत्र, उघडे, ऑफिसच्या टेबलावर ठेवले. मी वरच्या मजल्यावर तास घेत होतो. खाली येईपर्यंत शाळेला कळले होते की एकवीस रिपोर्ट चांगले आहेत आणि मावशींचा नाही. त्या प्रयोगशाळेला मी जे बोललो ते इथे छापण्यासारखे नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता चहा आला आणि आमच्या स्टाफरूममध्ये एका आजाराची साथ आल्याचे दिसले. सात जणांना एकाच सकाळी ॲसिडिटी झाली होती. दोघांचा उपवास निघाला. एकांनी चहा सोडल्याचे जाहीर केले. मावशी काही बोलल्या नाहीत. ट्रे घेऊन परत गेल्या. आणखी दोन दिवसांनी त्यांचा स्वतःचा कप, निळ्या फुलांचा, कपाटातून निघून मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर गेलेला मला दिसला. कोणी ठेवला हे मी विचारले नाही, कारण उत्तर 'त्यांनीच ठेवला' असे आले असते आणि ते कदाचित खरेही असते.

मी मराठीचा एम. ए. आहे, वैद्यकीतले मला काही कळत नाही. पण हा घोटाळा मला भाषेचा वाटला, आणि म्हणून त्यात मला थोडी गती होती. आपण कशालाही कावीळ म्हणतो. कानडीत कामाले. दोन्ही शब्द एका जुन्या 'कामला'चे. हे रोगाचे नाव नव्हे, लक्षणाचे नाव आहे. डोळे पिवळे झाले, लघवी पिवळी झाली, की कावीळ. पण यकृताला सूज आणणारे विषाणू वेगवेगळे. 'ए' आणि 'ई' हे घाण पाण्यातून, उघड्या अन्नातून येतात. पावसाळ्यात गावची विहीर बिघडली की जी साथ येते ती त्यांची. तिथे उकळलेले पाणी, स्वच्छ हात, स्वच्छ भांडी हे सगळे महत्त्वाचे. 'बी' आणि 'सी' यांचा पाण्याशी, भांड्याशी, जेवणाशी संबंध नाही. ते जातात रक्तातून, सुईतून, पात्यातून, शरीरसंबंधातून, बाळंत होताना आईकडून मुलाला. शब्द एकच असल्यामुळे पहिल्याची भीती आपण दुसऱ्याला लावतो. आणि औषधही एकच. अमक्या गावच्या बुवाचा पाला, तमक्याचा दंडावरचा डाग. पाण्याची कावीळ बहुधा आपोआप बरी होते आणि श्रेय पाल्याला मिळते. दुसरी आत वीस-वीस वर्षे गुपचूप बसते, डोळेही पिवळे होत नाहीत, आणि यकृत खाते.

हे मी मावशींना समजावत होतो तेव्हा त्या जमिनीकडे पाहत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे सर, ही पाण्याची कावीळ न्हवं. रक्ताची कावीळ."

यापेक्षा चांगला पारिभाषिक शब्द मला विद्यापीठात सापडला नसता. तेव्हापासून आमच्या शाळेत तो रूढ आहे.

सिव्हिलच्या बाई एका शनिवारी मुद्दाम शाळेत आल्या. त्यांनी स्टाफला विचारले, "तुम्ही सगळ्यांनी लस घेतलीत ना? मग तीन डोस झाल्यावर मावशींपासून तुम्हांला काय होणार?" कोणी बोलेना. "आणि गेली वीस वर्षं याच चहावर जगलात. चहातून होत असता तर एकवीस रिपोर्ट चांगले कसे आले असते?" यावर आमचे गणिताचे सर पहिल्यांदा हसले. सोमवारी ॲसिडिटी उतरली, निदान पाच जणांची. दोघांची आजतागायत उतरली नाही. त्यांतले एक बाहेर टपरीवर चहा घेतात, जिथे सगळे ग्लास एकाच बादलीत बुचकळतात.

मावशींना मात्र स्टाफच्या चहाची चिंता नव्हतीच. त्यांची लेक चंदगडकडे दिलेली, सातवा महिना, बाळंतपणाला माहेरी यायची होती. 'हे' कळल्यावर सासरच्यांनी पाठवायला नकार दिला. मावशी माझ्या टेबलासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "सर, मला कायबी होऊ दे. पोरीला आणि तिच्या लेकराला माझ्यामुळं काय झालं तर मी कुठं जातो?" मी त्यांना घेऊन पुन्हा सिव्हिलला गेलो. आता तिथला केसपेपरचा क्लार्क मला नावाने ओळखत होता. बाईंनी सांगितले की मावशींना हा संसर्ग बहुधा जन्मताना किंवा अगदी लहानपणी झाला असणार. तान्ह्या बाळाला झाला तर दहात नऊ वेळा तो अंगात कायमचा राहतो. मोठ्या माणसाच्या अंगातून बहुतेक वेळा निघून जातो. आमच्या शाळेची फरशी पुसून झाला की नाही, हे कोणी सांगू शकणार नाही. लेकीची तपासणी झाली, तिला संसर्ग नव्हता. तिला लस सुरू झाली. बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत पहिली लस दिली गेली. ती आता सगळ्याच बाळांना देतात. आईला संसर्ग असेल तिथे तर तेच बाळाचे खरे कवच असते. लेक माहेरी आली, मावशींनी तिला दीड महिना शेकले, माखले, न्हाऊ घातले. सासरच्यांना कोणी समजावले, हे एक वेगळेच पुराण आहे. एवढेच सांगतो की व्याही महाशय माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे मामा निघाले. सीमाभागात अशी नाती कामाला येतात.

मावशींचे यकृत सध्या चांगले आहे. औषधाची गरज अजून पडलेली नाही, पडलीच तर रोज एक गोळी. दर सहा महिन्यांनी तपासणीला जावे लागते. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या तपासण्या आणि औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य आहेत, हे आमच्या भागात अजून फारसे कोणाला ठाऊक नाही. हे सारे मावशींना विचारूनच लिहितो आहे. "लिवा की," म्हणाल्या. "नाव नगं. पण लिवा."

शाळेत आम्ही फार मोठे काही केले नाही. रक्ताचे काम करताना ते कोणाचे आहे हे विचारायचे नाही, सगळे रक्त सारखे समजायचे, एवढे एकच ठरवले. यामुळे मोठी सोय झाली. कोणाचे रिपोर्ट कोणाला माहीत असण्याची गरजच उरली नाही. पोराला शुद्ध असेल तर आपली जखम त्याने स्वतः दाबून धरायची, आम्ही कापूस द्यायचा. रक्त वाहत असेल तर खेळाडू मैदानाबाहेर, थांबले की आत. फुटबॉलमध्ये हा नियम आहेच, आम्ही तो कबड्डीला आणि भांडणालाही लावला. फरशीवर सांडले तर जुना कागद टाकायचा, वर ब्लीचिंग पावडरचे पाणी ओतायचे, दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, मग हातमोजे घालून पुसायचे. काच आणि पाते हाताने उचलायचे नाही, सुपली-झाडूने. आणि ऑफिसच्या कपाटात हातमोज्यांचा डबा. धड कातडीवर रक्त लागले तर घाबरायचे कारण नाही, धुऊन टाकायचे, हेही मुलांना सांगितले, नाहीतर पोरे उगाच रात्री झोपत नाहीत. २०२० च्या कोरोनात सॅनिटायझरच्या बाटल्या शाळेत आल्या आणि गेल्या. हा डबा टिकला आहे.

हातमोज्यांची एक गोष्ट मला त्या वेळी वाचायला मिळाली. शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे आले ते रोग्याला जंतू लागू नयेत म्हणून नव्हे. १८८९-९० च्या हिवाळ्यात, अमेरिकेत बाल्टिमोरला, हाल्स्टेड नावाच्या मोठ्या सर्जनच्या मुख्य परिचारिकेचे हात जंतुनाशक औषधाने सोलवटले. त्यांनी तिच्या हातांचे साचे घेऊन रबर कंपनीकडून तिच्या मापाचे पातळ मोजे करवून घेतले. पुढे त्यांनी तिच्याशी लग्नही केले, तो भाग आपण सोडून देऊ.

भिंतीमागच्या जागेबद्दल ग्रामपंचायतीला मी दोन अर्ज दिले, एक कानडीत, एक मराठीत. मराठी अर्ज परत आला, कानडीवर कारवाई झाली असे मात्र नाही. शेवटी पालकांनी भिंत चार फूट वाढवली. चेंडू आता कमी जातो. दवाखाना सुया डब्यात टाकतो असे सांगतो. डबा मी पाहिला आहे, आत काय असते ते पाहिलेले नाही.

मावशी २०२३ च्या मे महिन्यात निवृत्त झाल्या. नव्या मावशी वयाने तरुण आहेत, अंगाने किरकोळ. लसीचे तिन्ही डोस झाले आहेत. पण हातमोजे घालत नाहीत अशी तक्रार आली म्हणून मी त्यांना बोलावले. त्यांनी डब्यातला एक मोजा हातात घालून दाखवला. बोटांच्या टोकाला दीड इंच रबर लोंबत होते. "ह्यानं काच उचलतो कशी, सर? मनगटाला रबर बांधून बघितलं, ऱ्हाईत न्हाई." खानापुरात एकच माप मिळते, पुरुषी. लहान मापाचे मोजे बेळगावहून मागवले आहेत. दुकानदार म्हणाला, दिवाळीच्या सुट्टीनंतर येतील.